पंक्चर निघाले, टायर दुरुस्त झाला का?

जयपूरमधील राजा पार्क ही फाळणीनंतर आलेल्या निर्वासित कुटुंबांनी नावारूपाला आणलेली वस्ती. आज तेथील पंचवटी सर्कलच्या परिसरात दुकानांची आणि वाहनांची दाटी असते. अशा बाजारपेठेच्या रस्त्यावर मोटारीच्या चाकात खिळा शिरणे ही नित्याचीच बाब. पंक्चरवाला चाक न उतरवताच खिळा उपसतो, कानशीसारख्या सळईने भोक घासतो, चिकट रबरी पट्टी आत दाबतो आणि हवा भरून देतो. दहा मिनिटांत काम होते. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच मोटार ट्रान्सपोर्ट नगर ओलांडून, घाट की गुणीच्या बोगद्यातून आग्रा मार्गाला लागते. मागच्या आसनावर मुले झोपलेली असतात. मालकाच्या लेखी पंक्चरचे प्रकरण संपलेले असते. वस्तुतः ते तेथे संपू नये.

बाहेरून लावलेली पट्टी हा निरुपयोगी उपाय आहे, असे मुळीच नाही. ट्यूबलेस टायरमध्ये हवा अडवून धरण्याचे काम आतील रबरी अस्तर करते. लहान खिळ्याने पडलेले छिद्र पट्टीने बुजते आणि अडलेले वाहन मार्गस्थ होते. अशा पट्टीवर वर्षानुवर्षे गाडी चालवणारे अनेकजण आहेत. त्यांचा अनुभव खोटा नाही. मात्र तो अनुभव बहुधा मधल्या पट्ट्यातील बारीक छिद्राचा आणि शहरातील मंद वेगाचा असतो. त्यावरून सर्वच पंक्चरांचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

चाक न उतरवता केलेल्या कामात टायरच्या आत काय झाले आहे, हे कोणीही पाहिलेले नसते, हा यातील मुख्य दोष होय. हवा कमी झालेल्या अवस्थेत गाडी एक-दोन किलोमीटर चालली असेल, तर टायरची बाजूची भिंत आतून चिरडली गेलेली असू शकते. बाहेरून तिचा मागमूस दिसत नाही. आत मात्र रबराची भुकटी साचलेली असते. शिवाय आतील अस्तर सांधले गेले नाही, तर छिद्रावाटे शिरलेला ओलावा पोलादी तारांपर्यंत पोहोचतो आणि त्या गंजू लागतात. उन्हाळ्यात जयपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. तापलेला रस्ता, भरलेली गाडी आणि सततचा वेग यांच्यापुढे हा दडलेला कमकुवतपणा उघडा पडण्याचा संभव असतो.

अमेरिकेतील टायर उत्पादकांच्या संघटनेची शिफारस याबाबत स्पष्ट आहे. छिद्र सहा मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे; ते रस्त्याला टेकणाऱ्या भागातच असावे, खांद्यावर वा बाजूच्या भिंतीवर नव्हे; टायर रिमवरून उतरवून आतून तपासावा; आणि छिद्र भरण्याबरोबरच आतून ठिगळही लावावे. केवळ पट्टी किंवा केवळ ठिगळ ही दुरुस्ती मानली जात नाही. आपल्याकडे दांडी आणि ठिगळ एकत्र असलेला 'मशरूम' अनेक टायर दुकानांत मिळतो. त्याला थोडा अधिक वेळ आणि थोडे अधिक पैसे लागतात, इतकेच.

हा विषय आता अधिक निकडीचा झाला आहे. 2020 च्या जुलैमध्ये केंद्र शासनाने मोटार वाहन नियमांत बदल केला. त्यानुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दर्शवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. संच जवळ असणे चांगलेच. परंतु तो दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी आहे, दुकान टाळण्यासाठी नव्हे.

विमा आहे, या विश्वासावरही विसंबून राहता येत नाही. सर्वसाधारण मोटार विम्यात केवळ टायरचे नुकसान भरून मिळत नाही. गाडीचेही त्याच वेळी नुकसान झाले असल्यास नव्या टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंतच जबाबदारी असते. मुंबई उच्च न्यायालयापुढे 2023 मध्ये आलेले एक प्रकरण तर प्रत्येक वाहनमालकाने ध्यानी ठेवावे असे आहे. 2010 मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या मोटारीचे मागचे चाक फुटले, गाडी खोल खड्ड्यात कोसळली आणि सहकाऱ्याच्या त्या गाडीत बसलेले एक गृहस्थ दगावले. मागे वृद्ध आईवडील, पत्नी आणि लहान मुलगी राहिली. टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे, हा विमा कंपनीचा बचाव न्यायालयाने फेटाळला आणि सव्वा कोटी रुपयांची भरपाई कायम ठेवली. अतिवेग, कमी वा जास्त हवा, जुने टायर, तापमान अशी कारणे दाखवून प्रवासापूर्वी टायरची स्थिती तपासणे आवश्यक असल्याचे न्यायालयाने म्हटले. हा निकाल पंक्चरविषयी नाही. पण त्यातील तत्त्व पंक्चरलाही लागू पडावे.

यात पंक्चरवाल्याला दोष देणे अन्यायाचे होईल. 'लवकर उरक' असे त्याला ग्राहकच सांगतो. 'चाक उतरव, आतून बघ' असे सांगणारा ग्राहक भेटला, तर तोही तसेच करील.

बँकेच्या व्यवहारात एखाद्या दिवसाची नड भागवण्यासाठी अधिकर्षाची सोय असते. ती घेण्यात कमीपणा नाही. मात्र ती मुदतीत फेडावी लागते, अन्यथा व्याज चढत जाते. रबरी पट्टीचेही तसेच आहे. तिने आजची नड भागवावी, वेग आवरता ठेवून घर गाठावे आणि लांबच्या प्रवासाआधी टायर उतरवून आतून पक्का करून घ्यावा. छिद्र बाजूच्या भिंतीवर असेल, तर टायरच बदलावा. वाहन कर्जाचे हप्ते वेळेवर भरणाऱ्या ग्राहकाला एवढी शिस्त जड जाऊ नये.