भार सायकलीवर नव्हे, सायकलीच्या मागें

भाजीपाल्यानें लवलेली सायकल पहाटे वर्ध्याच्या बाजाराकडे जातांना सिंदी मेघे येथें कोणीं पाहिली नाहीं? कॅरिअरवर दोन पोतीं, दांडीला पिशव्या, हँडलला मेथीच्या जुड्या, आणि मालक बहुधा पायींच. ज्या वाहनावर बसावयाचें तेंच ढकलीत न्यावयाचें, हा व्यवहार आम्हांस कधींच उमगला नाहीं. १९५४ सालीं व्हिएतनामांतील दिएन बिएन फूच्या लढाईंत एकेका सायकलीवर २०० किलोपर्यंत रसद लादीत, हें खरें. पण तेथेंही माणूस बाजूनें चालतच होता.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, माल सायकलीवर न लादतां मागें जोडलेल्या दोनचाकी गाड्यांत, कॅरेटांत भरून न्यावा. ज्याच्या घरीं बैल आहेत व माल पुष्कळ आहे त्यानें बंडी खुशाल जुंपावी. परंतु एक एकर वाडी करणाराचा रोजचा माल तीन कॅरेटें, म्हणजे सुमारें ६० किलो. तेवढ्यासाठीं टेम्पो बोलाविणें म्हणजे भाड्यासाठींच भाजी पिकविणें होय. शिवाय पोत्यांत टमाटे चेपतात, पालक तापतो. कॅरेटांत वारा खेळतो, आणि वर ओला गोणपाट टाकला कीं वैशाखांतही पाला बाजारापर्यंत टवटवीत राहतो.

गाडा वेल्डिंगच्या कोणत्याही दुकानांत होण्यासारखा आहे. मात्र करवून घेणारानें तेथें उभें राहावें. जोड मागील चाकाच्या आंसाजवळ, खालीं असावा. सीटखालच्या दांड्याला जोड दिला तर वळणावर गाडा सायकलीस ओढून पाडतो. भार गाड्याच्या आंसाच्या किंचित् पुढें ठेवावा. तो मागें गेला कीं सायकलीचें मागचें चाक हलकें होऊन घसरतें. उतारावर गाडा पाठीमागून रेटतो, म्हणून दोन्ही ब्रेक चोख हवेत आणि वेग माणसाच्या धावण्याहून अधिक नको. मागें तांबडी चकाकती पट्टी नसेल तर अंधारांत मोठ्या रस्त्यावर जाऊंच नये.

१९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें काम ज्या मगनवाडींतून चाले, तेथेंच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. असा गाडा तिला दाखवून दोष काढून घेण्यास आम्हांस फार दूर जावयाचें नाहीं. आपल्या संघानें एक गाडा करवून सभासदांस आठ आठ दिवस वापरण्यास द्यावा, अशी आमची सूचना आहे. 'सातबाऱ्यावर नांव असून सायकलीला गाडा जोडतो' असें कोणी हिणवील. त्याला टेम्पोच्या भाड्याचा हिशेब दाखवावा.

खरी अडचण पांदणींत आहे. काळ्या जमिनीचा चिखल पावसाळ्यांत मडगार्डांत भरून चाक जागच्या जागीं धरतो. त्यांतही, गांवनकाशांत जेथें बंडी जाण्याइतकी वाट आम्हीं दप्तरांत वर्षानुवर्षें पाहिली, तेथें आज धुरा सरकून पायवाटच उरली आहे. सरकविणारे परके नाहींत, हा अंक वाचणारेच आहेत. शासनानें २०२१ सालीं पाणंद रस्त्यांची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली. पण अतिक्रमण निघाल्याविना मुरूम पसरावयाचा कोठें? जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४३ अन्वयें बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार देतात, परंतु तेथें अर्ज करण्यापूर्वीं शेजाऱ्यांनीं नकाशा घेऊन धुऱ्यावर एकदां उभें राहावें. तूर काढल्यावर, वखर घालण्याच्या आंत, हें काम उरकतां येईल.