रस्ता गाडीचा की बाईचा?

२०२४ साली आमच्या नगरला अहिल्याबाईंचे नाव मिळाले. कापडबाजारात बायांना धड चालायला जागा मात्र मिळालेली नाही. सावेडीहून एकटा माणूस चारचाकीत बसून येतो, दुकानापुढे ती लावतो. तेवढ्याच जागेत चार भाजीवाल्या बसल्या तर ते ‘अतिक्रमण’! गाडीला हा शब्द कोणी लावत नाही.

२०२२ मध्ये उड्डाणपूल झाला, लांबच्या गाड्या वरून जाऊ लागल्या. पण केडगाव-भिंगारहून धुणीभांड्याला, दवाखान्यात येणारीला हवी असते बस, आणि शहर बस आपल्याकडे कधी सुरू होते, कधी बंद पडते. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना निम्मे तिकीट आहे. खेड्यातली बाई माळीवाड्यापर्यंत स्वस्तात येते, पुढे वाचलेले पैसे रिक्षात जातात.

वाहनांपेक्षा माणसांचा विचार करा, हे केंद्राचे नागरी वाहतूक धोरण २००६ पासून सांगते आहे. म्हणून माझे म्हणणे, बाजारात गाडी लावण्याचे तासावर पैसे घ्या आणि ते शहर बससाठी, बायांच्या स्वच्छतागृहांसाठी खर्च करा. गिऱ्हाईक तुटेल, असे व्यापारी म्हणतील. पायी येऊन साड्या नेणाऱ्या किती, हे त्यांनी गल्ल्यावर बसून एकदा मोजावे. महापालिकेच्या अंदाजपत्रकाआधी आपल्या गटांनी हे निवेदन द्यायला हवे.