सेंद्रिय मासा : तळे कोणाचे, नफा कोणाचा?

"भाऊ, शेततळ्यात सेंद्रिय मासे टाकले तर दुप्पट भाव मिळतो म्हणे. गटाचे पैसे लावू का?" धुळे जिल्ह्यातल्या एका वस्तीत बचत गटाच्या ताईंनी विचारले. धंद्याला माझा विरोध नाही. पण आधी हिशेब मांडू.

३० बाय ३० मीटरचे शेततळे म्हणजे साधारण ९ गुंठे. हेक्टरी ५ हजार बोटुकली या दराने त्यात ४५० रोहू, कटला, मृगळ बसतात. त्यातले दोन तृतीयांश जगले आणि किलोचे झाले, तर ३०० किलो. तळ्यावर किलोला १२० रुपये धरले तर ३६ हजार. यातून बीज, खाद्य आणि राखण वजा करा. वर प्रमाणपत्राची फी. ती लहान तळ्याला माफ होत नाही. आणि आपल्या बाजारात गिऱ्हाईक माशाचा कल्ला उघडून बघते, प्रमाणपत्र बघत नाही.

खाद्याची गोम वेगळीच आहे. खानदेशात हाताशी असते ती सरकीची ढेप. पण इथली कपाशी बहुतेक बीटी, आणि जनुकीय बदल केलेल्या पिकाचे खाद्य सेंद्रिय निकषांत बसत नाही. शेजारच्या वावरातली फवारणी पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात उतरते ती वेगळीच.

आता मूळ प्रश्न. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला ४० टक्के. पण तळे खोदायचे तर सातबारा किंवा नोंदणीकृत भाडेपट्टा हवा. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याचे ६० टक्के कागदावरच राहतात.

१९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधात बाबासाहेबांनी सांगितले, की शेत परवडते की नाही हे नुसत्या आकारावर ठरत नाही. त्याच्या जोडीला भांडवल, अवजारे आणि श्रम किती, यावर ठरते. तळ्यालाही हाच नियम लागू आहे.

म्हणून ताईंना सांगितले, आधी साधा, ताजा मासा गावातच विका. हात बसला, गट वाढला, की सेंद्रियचे बघू. आणि मागणी करायचीच तर पाण्याची करा. गावचे पाझर तलाव भूमिहीनांच्या गटांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळावेत. जिथे भोई बांधवांची संस्था आहे, तिथे त्यांना सोबत घेऊन.

महाडला १९२७ साली आपण तळ्याच्या पाण्यावरचा हक्क बजावला. त्या पाण्यातून निघणाऱ्या उत्पन्नात वाटा मागणे ही त्याचीच पुढची पायरी आहे. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा.

जय भीम!