जुन्याशी जुळणारे नवे

तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ, नाकाडोंगरी हे गाव आहे. त्याच्या परिसरातच डोंगरी बुजुर्ग ही मॅंगनीजची खुली खाण आहे. येथील मॅंगनीज डायऑक्साइड कोरडे सेल बनविणाऱ्या कारखान्यांकडे जाते. सेल फोडला असता आत जी काळी पूड दिसते, तिच्यातील मुख्य घटक हाच. घराघरांतली धावणारी मोटार, बोलणारी बाहुली, दिवे लुकलुकविणारे विमान अशी कितीतरी खेळणी या काळ्या पुडीच्या जोरावर चालली. सेल संपला की खेळणे थांबते, आणि दोनतीनदा थांबले की ते माळ्यावर जाते. मुलाचा त्यातला रस बहुधा त्याच्याही आधी संपलेला असतो.

याउलट सेल नाही, किल्ली नाही, आवाज नाही, केवळ एकमेकांत घट्ट बसणारे ठोकळे, असे एक खेळणे गेली पासष्टहून अधिक वर्षे जगभर विकले जात आहे. डेन्मार्कमधील बिलुंड या लहानशा गावी जन्मलेले हे खेळणे म्हणजे लेगो. या कंपनीने अलीकडच्या काळात जुन्या वळणाचे नवे संच काढण्याचा प्रघात पाडला आहे. त्यांचे ग्राहक बहुतांशी प्रौढ आहेत. त्या ग्राहकांनी या संचांचे स्वागत कसे केले, कशाचे कौतुक केले आणि कशावर बोट ठेवले, हे व्यापारी कुटुंबांनी लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. कारण त्यात दुकानाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. वडिलांनी उभारलेले मुलाने चालवावयाचे, तेव्हा राखावे काय आणि बदलावे काय?

सन १९७९ मध्ये लेगोने अंतराळयानाचा एक संच काढला होता. करड्या व निळ्या रंगाचे यान, पिवळ्या पारदर्शक काचा, लाल व पांढऱ्या पोशाखातील चार अंतराळवीर. अमेरिकेत तो ‘गॅलेक्सी एक्सप्लोरर’ या नावाने विकला गेला. कंपनीला ९० वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच नावाचा नवा संच बाजारात आला. पूर्वीच्या संचात ३३८ तुकडे होते. नव्यात १,२५४ आहेत. बाजारात आला तेव्हा त्याची किंमत अमेरिकेत शंभर डॉलरच्या आत एक सेंट होती.

नवे यान जुन्याच्या सुमारे दीडपट आकाराचे आहे. त्यामागील विचार मोठा मनोज्ञ आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात जुने यान जेवढे भव्य वाटे, तेवढेच ते पन्नाशीच्या माणसाच्या हातात वाटावे, म्हणून रचनाकारांनी माप वाढविले. केवळ जुन्या मापाची नक्कल केली असती, तर ग्राहकाला ते आठवणीतल्यापेक्षा लहान भासले असते. माप बदलल्यामुळेच आठवण खरी ठरली.

चाहत्यांनी आनंदाने दाखवून दिलेल्या गोष्टी अशा. पहिली, यानाच्या अंगावरील खुणा चिकटवायच्या कागदावर न देता थेट ठोकळ्यांवर छापल्या होत्या. चिकटवलेला कागद काही वर्षांत सुटतो, छापलेली खूण टिकते. दुसरी, जुन्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाची हनुवटीखालची पट्टी पातळ असल्याने हमखास तुटे; नव्या संचात ती जाड केली गेली. २०१४ च्या ‘द लेगो मूव्ही’ या चित्रपटातील निळ्या अंतराळवीराचे शिरस्त्राण मुद्दाम त्याच जागी तुटलेले दाखविले होते, इतका तो दोष सर्वश्रुत होता. तिसरी, याच तुकड्यांतून त्या काळची आणखी दोन लहान याने उभारता येतील, अशी सोय ठेवली होती. आणि चौथी, तुकड्यांच्या मानाने किंमत रास्त होती. उणिवाही सांगितल्या गेल्या. जुन्या संचासोबत चंद्राच्या खड्ड्यांची एक जमीन व छोटे ठाणे मिळत असे. ते नव्यात नाही, याची अनेकांना रुखरुख लागली. करडा रंगही पूर्वीचा नव्हता.

या रंगाची कथा स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. २००४ च्या सुमारास कंपनीने आपला करडा रंग किंचित बदलून निळसर छटेचा केला. परक्याला तो फरक सांगूनही कळला नसता. पण ज्यांच्या घरी वर्षानुवर्षांचे ठोकळे डब्यांत भरलेले होते, त्यांच्या नव्या भिंती जुन्या भिंतींपासून उठून दिसू लागल्या. नाराजी तीव्र होती आणि ती अजून पुरती विझलेली नाही. ठोकळा बसत होता, पण शोभत नव्हता. ग्राहकाकडे जे आधीच आहे, त्याची किंमत या बदलाने कमी झाली, आणि ही गोष्ट ग्राहक सहजी विसरत नाही.

एवढ्या आपुलकीचे मूळ कंपनीच्या जुन्या वागणुकीत सापडते. ओले कर्क क्रिस्तियान्सन हे व्यवसायाने सुतार. मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, त्यांनी लाकडी खेळणी करावयास घेतली. एकदा त्यांचा मुलगा गॉडफ्रेड मोठ्या आनंदाने सांगू लागला की, लाकडी बदकांना तीनऐवजी दोनच हात वॉर्निश देऊन आपण पैसे वाचविले. वडिलांनी त्याला पाठविलेला माल स्टेशनवरून परत आणावयास लावला, तिसरा हात देववला आणि पुन्हा खोकी बांधून रवाना करावयास सांगितले. वॉर्निशचा तिसरा हात गिऱ्हाईकाला दिसत नाही. पण तो देणाऱ्याला ठाऊक असतो. हाच मुलगा पुढे कंपनीचा धनी झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत २८ जानेवारी १९५८ रोजी आजच्या ठोकळ्याच्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज दाखल झाला. माथ्यावर गोल उंचवटे आणि पोटात पोकळ नळ्या, अशी ही रचना. तेव्हापासून तिचे माप बदललेले नाही. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. आजोबांचा डबा नातवाच्या डब्यात ओतता येतो.

तथापि तिसऱ्या पिढीत हे घराणे डळमळले. लहान मुले आता संगणकाकडे वळणार, ठोकळ्यांचे दिवस संपले, या समजुतीने कंपनीने मनोरंजन उद्याने, कपडे, दूरदर्शनचे कार्यक्रम असे नाना उद्योग वाढविले. तुकड्यांच्या प्रकारांची संख्या तेरा हजारांच्या आसपास पोहोचली. प्रत्येक नव्या प्रकाराला वेगळा साचा आणि वेगळा साठा लागे. २००३ व २००४ या दोन्ही वर्षी मोठा तोटा झाला. तेव्हा केल्ड कर्क क्रिस्तियान्सन यांनी कुटुंबाबाहेरच्या, अवघ्या पस्तिशीतल्या यॉर्गन विग क्नूडस्टॉर्प यांच्या हाती कारभार दिला. त्यांनी उद्यानांतील बहुतांश हिस्सा विकला, तुकड्यांचे प्रकार जवळजवळ निम्म्यावर आणले आणि कंपनीला पुन्हा ठोकळ्यापाशी आणून उभे केले. मालकी मात्र कुटुंबाकडेच राहिली. आज चौथी पिढी पुढे आहे.

या हकिकतीत जैन वाचकाला एक ओळखीचा विचार भेटतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सत् म्हणजे काय, हे उत्पाद, व्यय व ध्रौव्य या तीन शब्दांत सांगितले आहे. जे उत्पन्न होते, जे नाश पावते आणि जे टिकून राहते, ते तिन्ही एकाच वस्तूत एकाच वेळी नांदते. सराफाच्या पेढीवर हे समजावयास वेळ लागत नाही: पाटल्या मोडून हार घडविला, पाटली गेली, हार आला, सोने राहिले. ठोकळ्यांचा किल्ला मोडून मूल त्याचे जहाज करते, तेव्हा तेही हेच करीत असते. किल्ला गेल्याचे त्याला दुःख नसते, कारण ठोकळे कोठेही गेलेले नाहीत, हे त्याला बोटांनी कळलेले असते.

व्यापारी घरांतले पिढीपिढीचे वाद पुष्कळदा येथेच अडकतात. वडिलांना गादी, लाल वही, मांडणी, पाटी, सारेच ध्रौव्य वाटते. मुलाला सारेच व्यय करण्याजोगे वाटते. भंडारा-तुमसरच्या बाजारातील कोणत्याही जुन्या किराणा वा कापड दुकानात हा प्रसंग आज ना उद्या येतोच. मुलगा नागपूर-पुण्याहून शिकून येतो. त्याला संगणकावर हिशेब हवा, घरपोच माल हवा, काचेचे दालन हवे. वडील म्हणतात, गिऱ्हाईक आपल्याला ओळखते ते या जुन्या पाटीमुळे. दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश असतो. सोडवणूक व्हावयाची ती दोघांनी एकत्र बसून आपल्या दुकानातला ‘उंचवटा’ कोणता, हे ठरविल्यानेच. खरे माप, बोलल्या भावाला जागणे, उधारीच्या गिऱ्हाइकाची चारचौघांत वाच्यता न करणे, खराब निघालेला माल वाद न घालता परत घेणे: यांपैकी जे त्या दुकानाचे खरे जोडस्थान असेल, ते एका केसानेही हलता कामा नये. बाकीचे माप दीडपट करण्यास हरकत नसावी; किंबहुना ते न वाढविल्यास जुने दुकान गिऱ्हाइकाच्या आठवणीपेक्षा लहान दिसू लागते. आणि पातळ पट्टी असेल तेथे ती जाड करावी. वडिलांच्या पद्धतीतला दोष मुलाने सुधारला, तर त्यात वडिलांचा अवमान नाही.

खेळणी विकणाऱ्यांसाठी यात एक रोकडा मुद्दाही आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. चिन्ह नसलेला स्वस्त माल ठेवण्याचा मोह होतो, कारण गिऱ्हाईक विचारीत नाही. वॉर्निशचा तिसरा हातही गिऱ्हाईक विचारीत नव्हते.

जुन्या वळणाच्या संचांवरील प्रतिक्रियांना दुसरीही एक बाजू आहे, आणि तीही पाहिली पाहिजे. अनेक प्रौढ हे संच विकत घेतात, पण उघडत नाहीत. उत्पादन बंद झाले की भाव चढतो, हे त्यांनी हेरलेले असते. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातील संचांच्या फेरविक्रीचा अभ्यास करून वर्षाला सरासरी किमान ११ टक्के परतावा दाखविला. आकडा भुरळ पाडणारा आहे. पण त्याच अभ्यासात काही संचांचे मोल निम्म्यावर आल्याचेही दिसते. लेगोने २००८ मध्ये ताजमहालाचा ५,९२२ तुकड्यांचा संच काढला. तो बंद झाल्यावर न उघडलेल्या खोक्यांचे भाव कितीतरी पटींनी चढले. २०१७ मध्ये कंपनीने जवळजवळ तसाच संच पुन्हा बाजारात आणला. ज्यांना ताजमहाल उभारावयाचा होता, त्यांना हर्ष झाला. ज्यांनी तो कपाटात कोंडला होता, त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. एकाच बातमीने एकाचा आनंद आणि दुसऱ्याची चिंता वाढली. फरक पडला तो त्या वस्तूशी असलेल्या नात्याने.

श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रह-परिमाण येते, आणि परिग्रहाचे मूळ वस्तूत नसून तिच्याविषयीच्या मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत आहे, असे शास्त्र मानते. घरात डबाभर ठोकळे असणे हा काही अपराध नव्हे. परंतु मूल समोर असताना खेळण्याचे खोके भावासाठी मोहोरबंद राहणे, यावर विचार व्हावयास हवा. न उघडलेल्या खोक्यातून पुढच्या पिढीकडे जाते ती केवळ किंमत. आजोबांच्या हातच्या खेळण्याबरोबर त्यांचा हातही जातो.

विदर्भाला हे परदेशातून शिकावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा येतो. मुले लाकडी नंदीबैल सजवून घरोघर मिरवितात. अनेक घरांत तो बैल वडिलांचा, क्वचित आजोबांचाही असतो. शिंगाचा रंग उडालेला, एखादे चाक बदललेले. दरवर्षी त्याला नवा रंग चढतो, नवी झूल मिळते, आणि बैल तोच राहतो. श्वेतांबर परंपरेचे पर्युषण याच सुमारास असते आणि पाठोपाठ दिगंबरांचे दशलक्षण पर्व येते, ज्यात आकिंचन्य हाही एक धर्म गणला आहे. या दिवसांत माळ्यावरचा एखादा जुना डबा खाली काढून मुलांसमोर ओतावा. काही तुकडे हरवलेले असतील, काहींचा रंग विटलेला असेल. नव्या डब्यातले तुकडे त्यांच्यावर बसतात की नाही, हे मुले स्वतःच पाहतील.