तात्पुरते!

परवा आमच्या कॉलेजच्या जिमखाना हॉलचे कुलूप काढले. बॅडमिंटनचे नेट कुठे दिसेना. आत होती मोडकी बाके, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि स्नेहसंमेलनाची कमान. ‘‘सर, तात्पुरते ठेवले होते,’’ शिपाईमामा म्हणाले. त्या ‘तात्पुरत्या’ला आता सहा वर्षे झाली!

खेळाची जागा दुसऱ्या कामाला वापरूच नये, असे मी म्हणणार नाही. ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठाच्या परिसरात असलेले डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियम आपण सर्वांनी पाहिले आहे. जानेवारी २०१४ मधल्या लुसोफोनिया स्पर्धांसाठी, म्हणजे पोर्तुगीज भाषेशी नाते सांगणाऱ्या देशांच्या स्पर्धांसाठी, ते उभे राहिले. पुढे २०२१ चा तो मे महिना आला. गोमेकॉत खाटा पुरेनात, ऑक्सिजनसाठी लोकांची धावाधाव चाललेली. तेव्हा या स्टेडियममध्येच खाटा मांडल्या गेल्या आणि ते गोमेकॉचे जोडरुग्णालय झाले. मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोमचे २०२० मध्ये असेच झाले होते. कारण साधे आहे. मध्ये एकही खांब नसलेली ऐसपैस जागा, उंच छप्पर, पुरेशी स्वच्छतागृहे आणि रुग्णवाहिका थेट दारापर्यंत येण्याइतका रस्ता, हे सगळे एका ठिकाणी दुसरीकडे कुठे मिळणार?

पेडण्याहून येणारी माझी एक विद्यार्थिनी बॅडमिंटन खेळायची. तिचे वडील त्या दिवसांत तिथे दाखल होते. ती म्हणाली, ‘‘सर, त्या हॉलमध्ये मी मॅच खेळले होते. तेव्हा बाबा बाहेर माझी वाट पाहत थांबायचे. या वेळी बाबा आत आणि मी बाहेर.’’ वडील बरे होऊन घरी आले, हे तिचे भाग्य. सगळ्यांच्या वाट्याला ते आले नाही.

पण वाचकहो, पुढचा भाग महत्त्वाचा. साथ ओसरली, खाटा निघाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे इफ्फीचे उद्‌घाटन झाले आणि २०२३ मध्ये टेबल टेनिसची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही रंगली. एवढ्या मोठ्या संकटाने घेतलेली जागा खेळाडूंना परत मिळाली. आमचा हॉल मात्र कुठल्याच संकटाने घेतला नव्हता. तो घेतला आमच्या आळसाने, आणि आळसाने घेतलेली जागा कोणी परत मागत नाही.

शाळा-कॉलेजांनी नवे हॉल बांधताना रुंद दारे, उतार आणि पाण्याची सोय आधीच करावी. अडीअडचणीला तो हॉल गावाच्या उपयोगी पडेल. पण अडचण सरली की किल्ली मुलांच्या हातात गेली पाहिजे.

येत्या शनिवारी मुलांना घेऊन मी ती बाके बाहेर काढणार आहे. शिपाईमामांनी विचारलेच, ‘‘सर, ही ठेवायची कुठे?’’ मी म्हटले, ‘‘कुठेही ठेवा, पण तात्पुरती नकोत!’’