गंधर्वांचीं नाटकें आणि क्रमवारीची चाळणी

आमच्या वाशीम शहरांत गाण्याची आवड जपणारीं जीं थोडीं घरें आहेत, त्यांत गेल्या वर्षापासून एक यादी हातोहात फिरत आहे. ‘गंधर्व नाटक मंडळीचीं नाटकें : उत्कृष्टतेच्या क्रमानें’ असा तिचा मथळा आहे. पहिला क्रमांक ‘स्वयंवरा’स, दुसरा ‘मानापमाना’स, तिसरा ‘द्रौपदी’स, चौथा ‘एकच प्याल्या’स, आणि कोणी अगदींच नाराज होऊं नये म्हणून कीं काय, पांचवा ‘कान्होपात्रे’स. यादी करणारे गृहस्थ आमचे स्नेही आहेत. त्यांचा कान चांगला आहे, आणि हें काम त्यांनीं प्रेमानें केलें आहे, हें आम्ही जाणतों. म्हणून प्रथम आम्हीं तिच्याकडे करमणूक म्हणूनच पाहिलें. अशा याद्या चहाच्या पेल्याबरोबर होतात आणि पेल्याबरोबर संपतात. परंतु गेल्या दिवाळीच्या आधीं या स्नेह्यांच्या घरीं साफसफाई निघाली आणि माळ्यावरून त्यांच्या आजोबांची तबकड्यांची पेटी खालीं आली. पेटींत तीसएक तबकड्या होत्या. यादींतील पहिल्या दोन क्रमांकांच्या तेवढ्या पुसून, नव्या यंत्रावर उतरवून घेण्यासाठीं आंत ठेवण्यांत आल्या. बाकीच्या ओसरीवर भंगारवाल्याची वाट पहात बसल्या. त्या दिवशीं आम्ही योगायोगानें तेथें गेलों, आणि यादी ही नुसती करमणूक राहिलेली नाहीं, हें आमच्या ध्यानांत आलें.

क्रमवारीचे आम्ही शत्रु नाहीं. सर्वच सुंदर, सर्वच थोर, असें म्हणून हात जोडणारा टीकाकार आपलें कामच टाळीत असतो. काव्याचे उत्तम, मध्यम व अवर असे भेद मम्मटानेंहि केले. पण तसें करण्यापूर्वीं व्यंग्यार्थाचें प्राधान्य ही आपली कसोटी त्यानें स्पष्ट सांगितली. आमच्या स्नेह्यांना त्यांची कसोटी विचारली असतां उत्तर मिळालें, ‘ऐकून पहा, म्हणजे कळेल.’ काय ऐकून पहावयाचें? तीन-साडेतीन मिनिटांची लाखेची तबकडी! यादींत नांवें नाटकांचीं आहेत, आणि गुण दिले आहेत ते तबकड्यांना. आमचा सारा वाद एवढ्याचसाठीं आहे.

हा घोटाळा कोठून आला तेंहि आम्हांस ठाऊक आहे. आमच्या स्नेह्यांना कॉलेजच्या दिवसांपासून इंग्लंडांतील ‘बीटल्स’ या चौघांच्या गाण्याचें वेड आहे, आणि त्या चौघांच्या अल्बमांची क्रमवारी लावणें हा तिकडील रसिकांचा जुना छंद आहे. त्यांत आम्हांस वावगें कांहीं दिसत नाहीं. लिव्हरपूलच्या या मंडळींनीं १९६६ च्या ऑगस्टनंतर जाहीर जलशांचे दौरे बंद केले, आणि पुढील सर्व काम ध्वनिमुद्रणाच्या खोलींत बसून केलें. ‘सार्जंट पेपर’ (१९६७) किंवा ‘ॲबी रोड’ (१९६९) हा अल्बम म्हणजे दुसऱ्या कोणत्या कार्यक्रमाची छाया नव्हे. तोच मूळ ग्रंथ होय. लंडनचा श्रोता आणि वाशीमचा श्रोता त्याच्यासमोर सारख्याच अधिकारानें बसतात. तेथें क्रम लावणाऱ्यानें खुशाल लावावा. मात्र तेथेंहि क्रमाचें आयुष्य किती, तें पहाण्यासारखें आहे. अमेरिकेंतील ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकानें २००३ सालीं पांचशें सर्वोत्कृष्ट अल्बमांच्या यादींत ‘सार्जंट पेपर’ला पहिलें स्थान दिलें होतें, त्याच नियतकालिकाच्या २०२० सालच्या यादींत तें चोविसाव्या स्थानावर गेलें. या सतरा वर्षांत त्या अल्बमाची एकहि रेघ बदलली नव्हती. बदललीं होतीं तीं मतें देणारीं माणसें आणि त्यांच्या आवडी. पण निदान अल्बम शाबूत होता, म्हणून ज्याला पटलें नाहीं त्याला तो पुन्हां ऐकून भांडतां आलें. आमच्या ओसरीवरच्या तबकड्या भंगारांत गेल्यावर भांडावयाचें कशाच्या बळावर?

आतां नाटकाकडे वळूं. गंधर्व नाटक मंडळी १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनीं काढली. तिचा धंदा नाटकें करण्याचा होता, तबकड्या भरण्याचा नव्हे. रात्रीं सुरू झालेला प्रयोग वन्समोरच्या भरांत पहांटेपर्यंत लांबत असे. पडदा, पोषाख, अत्तराचा घमघमाट, कादरबक्षांची सारंगी, पुढें आलेला थिरकवांचा तबला, समोरचा गद्यपात्राचा चेहरा आणि त्याच्या शेवटच्या वाक्यांतून निघालेला सूर, हें सर्व मिळून नाटक होत असे. एकच पद कधीं पांच मिनिटें तर कधीं अर्धा तास चाले. त्यांतून तबकडीनें उचललें काय? पदाचा सांगाडा आणि एक-दोन ताना. तेंहि घड्याळाकडे पाहून. या घड्याळाला ज्या चाली सोसल्या त्या आज ‘श्रेष्ठ’ ठरत आहेत.

‘स्वयंवर’ पहिलें कां आलें, याचें उत्तर येथें सांपडतें. १९१६ सालच्या या खाडिलकरांच्या नाटकाला भास्करबुवा बखल्यांनीं चाली दिल्या त्या बहुतांशीं ख्यालगायकीच्या बंदिशींवरून. भीमपलास, यमन, बिहाग हे राग रुक्मिणीच्या मुखीं आले तरी स्वतःच्या पायांवर उभे रहातात. नाटक काढून घेतलें तरी बंदिश उरते. याचें श्रेय बुवांचें, आणि तें थोर आहे. ‘मानापमाना’च्या टेंब्यांनीं दिलेल्या चाली पूरब ढंगाच्या ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या, त्याहि तबकडीवर छान नटतात. तेव्हां पहिले दोन क्रमांक ज्यांना मिळाले, तीं नाटकें तबकडीच्या सांच्यांत सर्वांत कमी मोडलेलीं आहेत, एवढेंच सिद्ध होतें. जातां जातां हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजीं प्रथम रंगभूमीवर आलें तें किर्लोस्कर मंडळीकडून. गंधर्व मंडळीचा त्या वेळीं जन्महि झालेला नव्हता. पुढें गंधर्वांनीं तें आपल्या मंडळींत सतत केलें, ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं केशवराव भोसल्यांबरोबर त्याचा संयुक्त प्रयोग झाला, म्हणून यादींत तें असण्याला आमची हरकत नाहीं. पण जो क्रम लावतो त्यानें निदान जन्मतिथि पहावी!

आणि आतां त्या चौथ्या क्रमांकाविषयीं. ‘एकच प्याला’ राम गणेश गडकऱ्यांनीं लिहिलें. २३ जानेवारी १९१९ रोजीं ते सावनेरला वारले आणि २० फेब्रुवारीला बडोद्यास नाटकाचा पहिला प्रयोग झाला. लेखकानें तो पाहिला नाहीं. पदेंहि त्याचीं नव्हेत, विठ्ठल सीताराम गुर्जरांचीं आहेत. चालींत सुंदराबाईंचा वांटा आहे. यादीकार यावरून असा निष्कर्ष काढतात कीं, यांतील संगीत वरून चिकटवलेलें, म्हणून हलकें. तबकडीवर ऐकणाऱ्याला तसें वाटणें साहजिक आहे, कारण तबकडीवर सिंधूचें ठिगळ लावलेलें लुगडें दिसत नाहीं. ज्या नटाच्या शालूंची आणि दागिन्यांची महाराष्ट्रांतील घराघरांत चर्चा होई, तो नट फाटक्या लुगड्यांत जात्यापाशीं बसून गातो आहे, शेजारीं तान्हें मूल आहे, आणि बोडसांचा सुधाकर दारूनें सर्वस्व घालवून बसला आहे, हें ज्यानें पाहिलें त्याला त्या पदाची तान मोजावयास सवड नव्हती. तेथें गळा मुद्दाम आवरलेला असे. तो आवर हाच त्या गाण्याचा अलंकार होता, आणि तबकडीवर तो उणेपणा म्हणून ऐकूं येतो.

आमच्या आजोबांनीं हें नाटक अकोल्यास पाहिलें होतें. वाशीम तेव्हां अकोला जिल्ह्यांतील एक तालुका होता. (१९०५ सालीं वाशीमचें जिल्ह्याचें पद गेलें, तें १९९८ सालीं परत मिळालें, मधल्या काळांत गांव कमी गुणाचें झालें होतें असें आम्ही वाशीमकर तरी म्हणत नाहीं.) आजोबांना गाण्यांतलें फारसें कळत नसे, आणि त्या रात्रींचें एकहि पद त्यांना पुढें गुणगुणतां आलें नाहीं. मात्र जातें थांबल्यावर थिएटरांत किती शांतता झाली, आणि शेजारच्या खुर्चीवरील ओळखीचे एक वकील, ज्यांच्याविषयीं गांवांत कुजबूज होती, ते कसे मान खालीं घालून बसले होते, हें ते आम्हांस म्हातारपणींहि सांगत. हा अनुभव कोणत्या क्रमांकांत बसवावयाचा? यादींत त्याला जागाच नाहीं, कारण तो मुद्रित झाला नाहीं.

आमच्या स्नेह्यांचा आणखी एक आधार आहे आणि तो गांवकीचा असल्यामुळें त्याचा समाचार घेणें जरूर आहे. रुक्मिणी ही विदर्भाची, कुंडिनपूरची. तेव्हां तिचें नाटक विदर्भानें शिरोधार्य मानावें हें ओघानेंच आलें. वर ते राजशेखराचा दाखला देतात कीं, काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशीं विवाह झाला तो वत्सगुल्मास, म्हणजे आमच्या वाशीमास, आणि तोहि गांधर्वविधीनें! कोटी चांगली आहे, आम्हीहि हंसलों. परंतु विदर्भाचा अभिमानच मोजावयाचा तर गडकऱ्यांनीं देह ठेवला तें सावनेर कोठें आहे? आणि वैदर्भी रीतीला पहिला क्रमांक देणाऱ्यांना एका जुन्या आचार्यानें काय सुनावलें, तेंहि यादीकारांनीं वाचावयास हवें होतें. देशांवरून रीतींना नांवें देऊन त्यांच्यांत उत्तम, मध्यम, अधम असें लावणें कुंतकाला मुळींच मान्य नव्हतें. एकच उत्तम असेल तर उरलेल्या दोन शिकवावयाच्या कशाला, असा त्याचा रोकडा सवाल आहे.

याच कुंतकानें कालिदासाच्या जोडीला ज्या कवीचें नांव घेतलें तो सर्वसेन. त्याचें ‘हरिविजय’ हें प्राकृत काव्य होतें. होतें असें म्हणावें लागतें, कारण आज तें उपलब्ध नाहीं. आनंदवर्धन, भोज इत्यादि अलंकारशास्त्र्यांनीं त्याचा उल्लेख केला, उदाहरणादाखल कांहीं गाथा उचलल्या, तेवढ्यावर त्याचें नांव टिकून आहे. हा सर्वसेन म्हणजे वत्सगुल्माच्या वाकाटक शाखेचा मूळ राजा, आमच्याच गांवचा. त्या शाखेचा इतिहास स्पष्ट झाला तो १९३९ सालीं वाशीमांत उजेडांत आलेल्या ताम्रपटामुळें. ते तांब्याचे पत्रे ज्याच्या हातीं आले त्यानें मोडींत घातले असते, तर चार भांड्यांची भर पडली असती आणि वत्सगुल्माचे राजे आणखी कित्येक वर्षें अंधारांत राहिले असते. ‘हरिविजया’च्या उरलेल्या गाथा अलंकारशास्त्र्यांना उदाहरणास सोयीच्या होत्या म्हणून उरल्या. त्या काव्यांतील उत्तम भाग त्याच होत्या, असें आज कोणी म्हणेल काय?

यावर यादीकार म्हणतील कीं, मग गेलेल्या रंगभूमीविषयीं बोलूंच नये कीं काय! अवश्य बोलावें, पण साधनें तबकडीपुरतीं ठेवूं नयेत. बोडसांचें ‘माझी भूमिका’ आहे, टेंब्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ आहे, नाटकांच्या छापील संहिता आहेत, छायाचित्रें आहेत, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी कांहीं घरांत अजून शिल्लक आहेत. तबकडी या सर्वांच्या शेजारीं ठेवून ऐकली म्हणजे ती कोठें अपुरी आहे हेंहि ऐकूं येऊं लागतें. ‘कान्होपात्रे’चेंच पहा. १९३१ सालचें तें नाटक. मास्तर कृष्णरावांच्या चाली. भजनें काय, कोणीहि गातो, असें म्हणून स्नेह्यांनीं तें शेवटीं ढकललें. परंतु ज्या नटानें वीस वर्षें राजकन्या रंगविल्या, तो वयाची चाळिशी उलटल्यावर विठ्ठलाच्या पायरीपाशीं येऊन साध्या अभंगांत कसा उतरतो, हें कळावयास आधींची भामिनी आणि रुक्मिणी ठाऊक पाहिजे. मागच्या नाटकांच्या जोरावर पुढचें नाटक बोलतें. त्यांना सुटें करून एकाखालीं एक मांडलें कीं तें बोलणें बंद पडतें.

आमचाच क्रम कोणी विचारील, तर सांगावयास आम्ही भीत नाहीं. नाटक म्हणून ‘एकच प्याला’ आम्ही सर्वांच्या वर ठेवूं, आणि संगीतरचना म्हणून ‘स्वयंवर’. ‘द्रौपदी’ मात्र यादींत तिसरी कशी आली हें आम्हांस समजलेलें नाहीं. १९२० सालच्या या नाटकावर मंडळीनें अफाट खर्च केला, मयसभेचा देखावा उभारला, आणि कर्जाच्या ओझ्यांत भर घातली. त्या वैभवाची कीर्ति यादीकारांच्या कानीं आली असावी, कारण तबकडीवर मयसभा ऐकूं येत नाहीं. हें आमचें मत झालें. तें चुकीचें असेल, आणि चुकीचें ठरविणाऱ्याला पुराव्याची गरज पडेल. म्हणून ओसरीवरच्या तबकड्या आम्हीं त्या दिवशींच रिक्षांत घालून घरीं आणल्या. स्नेह्यांनीं हरकत घेतली नाहीं. उलट रिक्षाचें भाडें त्यांनींच दिलें.

तबकड्या बावीस भरल्या. ‘एकच प्याल्या’ची एक कांठाला तडकली आहे, सुई एके ठिकाणीं अडखळते, पण हलकें बोट लावलें कीं पुढें जाते. ‘कान्होपात्रे’च्या दोन चांगल्या आहेत. रविवारीं सकाळीं आम्ही घरींच असतों. ज्यांना ऐकावयाच्या असतील त्यांनीं यावें. फोनची चावी सैल झाली आहे, ती मधून मधून द्यावी लागते.