घरी गेलेल्या रुग्णाचे पुढे काय?

धाप लागलेली, पाय सुजलेले, रात्री आडवे पडताच गुदमरायला होते. अशा अवस्थेत रुग्ण दाखल होतो. ऑक्सिजन आणि लघवीवाटे पाणी काढणारी इंजेक्शने मिळाली, की बहुतेकांचा श्वास काही दिवसांत मोकळा होतो. डिस्चार्ज मिळतो आणि घरच्यांच्या लेखी दुखणे संपते. ‘हार्ट फेल्युअर’ मात्र संपलेले नसते. हृदय बंद पडलेले नसते, पण रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी झालेली असते.

देशातील ५३ रुग्णालयांतील १०,८५१ रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे सरासरी वय साठीच्या आसपास होते आणि ९० दिवसांच्या आत साधारण सातांपैकी एक दगावला. हृदयाची पंपिंग क्षमता घटलेल्यांपैकी निम्म्यांनाही मार्गदर्शक तत्त्वांनुसारची सगळी औषधे मिळत नव्हती. त्याच वर्षीच्या ‘स्ट्राँग-एचएफ’ या १४ देशांतील चाचणीत डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत औषधांचे डोस वाढवले गेले आणि वारंवार तपासणी झाली. १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत २३.३ टक्के होते, ते १५.२ टक्क्यांवर आले. औषधे जुनीच होती, फरक पाठपुराव्याने पडला.

यात मेंदूचाही वाटा आहे. कमकुवत किंवा अनियमित ठोक्यांच्या हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली, तर पक्षाघात होतो. हार्ट फेल्युअरच्या अनेक रुग्णांची स्मरणशक्तीही मंदावते. सकाळची गोळी घेतली की नाही हेच आठवत नसेल, तर उत्तम प्रिस्क्रिप्शनही कागदावरच राहते. म्हणून हृदय आणि मेंदू यांच्या नोंदी वेगवेगळ्या फायलींत ठेवून भागणार नाही.

पाठपुरावा म्हटले की सगळे घरच्यांवर सोपवण्याचा मोह होतो. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० पक्षाघातग्रस्तांवर ‘अटेंड’ चाचणी झाली. कुटुंबीयांना शिकवून घरीच व्यायाम करून घेतल्याने परावलंबन घटेल, अशी आशा होती. २०१७ मधील निष्कर्षांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. चांगली वाटणारी कल्पनाही तपासूनच स्वीकारावी लागते, हा त्याचा धडा.

तळेगाव दाभाडे येथे १९९५ पासून ‘माईमर’ वैद्यकीय महाविद्यालय आहे. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातील गावांना पुण्यापेक्षा हे जवळचे. डोंगरकपारीतल्या वस्तीवर रुग्ण दगावला, तर ती बातमी वॉर्डापर्यंत पोहोचेलच असे नाही. ग्रामीण भागातील अध्यापन रुग्णालयांनी म्हणूनच सातव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी रुग्णाची खबर घेणे हा नियम करावा. रुग्ण हयात आहे का? गोळ्या चालू आहेत का? तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढले का? बोलण्यात, चालण्यात, आठवणीत फरक पडला का? रुग्णाची संमती, नैतिकता समितीची मंजुरी, आशा सेविकांना योग्य मानधन आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध यांची सांगड घातली, तर हे अशक्य नाही.

रुग्ण चालत बाहेर पडला, हे यश खरेच. पण तीन महिन्यांनी तो कुठे आहे, हे ठाऊक असल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.